पाठराखीण

नवी नवरी प्रथम सासरीं निघते, तेव्हां तिच्याबरोबर माहेरची एखादी वडीलधारी बाई किंवा धाकटी बहीण पाठविण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. तिला पाठराखीण म्हणतात. लग्न तिचें नसतें, मानपानही तिचा नसतो. चार दिवस ती नवरीजवळ निजते, पाणवठा कोठें, चूल कोणाच्या हातीं, कोणाशीं मोकळेपणानें बोलावें आणि कोणाशीं बेतानें, हें पाहून घेते. आणि नवरीचें मन थोडें रमूं लागलें कीं आपल्या घरीं परत येते. या साध्या रीतींत मला मोठें शहाणपण दिसतें. सासरीं जाणाऱ्या मुलीस आपण पाठराखीण देतों. मग शिकावयास जाणाऱ्या मुलीस एकटी कां पाठवितों?

आमच्या खांडबाऱ्यांत हा प्रश्न केवळ तर्काचा नाहीं. दिवाळी सरली कीं नवापूर तालुक्यांतील कित्येक कुटुंबें मजुरीसाठीं गुजरातेंत उतरतात. थोरली मुलगी धाकट्यांस सांभाळण्यासाठीं बरोबर जाते, अथवा मागें राहून घर राखते. दोन्ही प्रकारें तिची शाळा सुटते. जी दहावीपर्यंत टिकते, तिला पुढें बहुधा नंदुरबारची वाट धरावी लागते. आगगाडीनें तें अंतर फार नाहीं, परंतु पाड्यांतून प्रथमच बाहेर पडणाऱ्या मुलीस तें समुद्रापलीकडचें वाटतें.

मागील वर्षीं एका विद्यार्थिनीचे वडील मजकडे आले व म्हणाले, "बाई, पैशाचें मी बघेन. पण तेथें तिला कोण विचारील?" त्या प्रश्नास माझ्याजवळ शब्दांचें उत्तर नव्हतें, म्हणून मीच तिच्याबरोबर गेलें. तीन दिवस राहिलें. तिचे अर्ज मीं लिहिले नाहींत. तिच्या शेजारीं बसून तिच्याकडूनच लिहविले. पहिल्या दिवशीं ती माझ्या पदराआड उभी होती. तिसऱ्या दिवशीं एका कचेरींत तिचे कागद परत केले, तेव्हां "काय कमी आहे, तें लिहून द्या," असें तिनेंच शांतपणें सांगितलें. त्या सायंकाळीं मीं परतीची गाडी धरली.

पुढें दिवाळी आली. घरचीं माणसें गुजरातेंत निघालीं आणि मला धास्ती होती तसें मुलीस बोलावणें गेलें. मी तिच्या पाड्यावर जावयास निघणार, तोंच कळलें कीं ती स्वतः येऊन, धाकट्या भावाची सोय मावशीकडे लावून, वडिलांची समजूत घालून परत नंदुरबारास गेली. हें तिला मीं शिकविलें नव्हतें.

अशीं उदाहरणें मोठ्या चरित्रांतही आढळतात. न्यू जर्सींतील थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनीं दंतवैद्याकडे वाट पाहत असतां एका मिशनरी मासिकांत गोपाळराव जोशी यांचें पत्र वाचलें आणि आनंदीबाईंशीं पत्रव्यवहार सुरू केला. १८८३ सालीं अठरा वर्षांच्या आनंदीबाई अमेरिकेस पोहोंचल्या, तेव्हां त्या अपरिचित देशांत हें एक घर त्यांचें आधींच झालेलें होतें. १८८६ सालीं त्या फिलाडेल्फियांत डॉक्टर झाल्या. पुढल्याच वर्षीं त्यांचा अंत झाला. त्यांच्या अस्थि कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमींत ठेवण्यांत आल्या.

दुसरें उदाहरण आपल्या रानावनाशीं अधिक जवळचें आहे. बालपणींच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ १९४५ सालीं बोरिवलीच्या शिबिरांत ताराबाई मोडकांस भेटल्या आणि त्यांच्याबरोबर तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डीस गेल्या. मुलें शाळेंत येत नाहींत, तर शाळाच त्यांच्या अंगणांत न्यावी. गुरें राखणाऱ्यांसाठीं ती कुरणांत भरवावी, असे प्रयोग त्या दोघींनीं केले. १९५७ सालीं हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. १९७३ सालीं ताराबाई निवर्तल्या. त्यानंतर १९९२ पर्यंत अनुताईंनीं तें चालविलें. ज्येष्ठ बाईनें कनिष्ठेस नुसता आधार दिला असता, तर हें घडलें नसतें. तिनें काम सोपविलें, म्हणून घडलें.

आजकाल तरुण स्त्रियांच्या अंगीं नेतृत्व यावें म्हणून देशोदेशीं छात्रवृत्त्या दिल्या जातात. त्यांत द्रव्य असतें, शिक्षण असतें आणि कित्येकींत प्रत्येक मुलीमागें एक अनुभवी स्त्री नेमलेली असते. आपणांसही त्याची निकड आहे. १९९३ सालीं अमलांत आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें पंचायतींत निदान एक तृतीयांश जागा स्त्रियांस दिल्या; महाराष्ट्रांत २०११ पासून निम्म्या जागा त्यांच्या झाल्या. म्हणजे आज आमच्या बाकांवर बसलेल्या मुलींपैकीं कांहींजणींस उद्यां ग्रामसभेंत उभें राहून गांवाच्या पाण्याचा व पैशाचा हिशेब मागावा आणि द्यावाही लागेल. ती जागा कायद्यानें मिळेल; पण तेथें न अडखळतां बोलण्याची संवय आधींच लागली पाहिजे.

द्रव्याची छात्रवृत्ति देण्याची ऐपत आपल्यापैकीं थोड्यांची आहे. पाठराखीण होण्यास मात्र फारसा खर्च नाहीं. या शाळेंतून शिकून बाहेर पडलेल्या प्रत्येक भगिनीनें वर्षाकांठीं एका मुलीची निवड करावी. प्रवेशाच्या दिवशीं तिच्यासंगें जावें, महिन्यांतून एकदां तिची खबर घ्यावी, आणि दिवाळीच्या सुमारास तर अवश्य घ्यावी, कारण आमच्याकडे मुलींची शाळा त्याच दिवसांत सुटते. मातापित्यांस विनंति एवढीच कीं, मुलीस धाडतांना तिच्यासंगें कोण जाणार हें आधीं ठरवावें. तें ठरलें कीं धाडण्याची भीति निम्मी उरते. आणि मुलींनो, तुमच्याबरोबर आलेली बाई एके दिवशीं परतीच्या गाडींत बसेल. तेव्हां वाईट वाटून घेऊं नका. तुमच्या मागून येणाऱ्या मुलीचें नांव तेवढें तिला विचारून ठेवा.