सूर बरोबर, मुक्काम चुकला

जॅझमधला डोरियन स्केल मला समजला आहे, असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो. घरात पेटी होती, वडील भजनाला साथ करायचे, त्यामुळे थाट कानावर होते. डी हा षड्ज धरला की डोरियन म्हणजे थेट काफी थाट: गंधार आणि निषाद कोमल, बाकी सगळे शुद्ध. गिटारवर त्याचे आकार बसवले, कधी सहाव्या तारेच्या दहाव्या फ्रेटपासून, कधी पाचव्या तारेच्या पाचव्या फ्रेटपासून. मेट्रोनोम लावून लय वाढवत नेली. हात बसला, तेव्हा विषयही कळला असं वाटलं.

त्या समजुतीला आधार दिला तो माइल्स डेव्हिसच्या ‘सो व्हॉट’ने. १९५९च्या ‘काइंड ऑफ ब्लू’मधली ही रचना बत्तीस बारची. पहिले सोळा बार डी डोरियन, मग आठ बार अर्ध्या सुराने वर ई फ्लॅटवर, आणि शेवटचे आठ पुन्हा डीवर. सोळा बार षड्ज जागचा हलत नाही. आपल्या कानाला हे घरचंच. तिथे माझं निभावलं आणि मी सगळीकडे तसंच वाजवू लागलो.

पुढे हॉटेलात वाजवणाऱ्या एका बँडमध्ये जागा मिळाली. पियानोवर एक वयस्कर गोंयकार होते. चिक चॉकलेट, ख्रिस पेरी अशा गोव्याच्या वादकांनी मुंबईत जॅझ रुजवला, त्या परंपरेतलेच. एका गाण्यात डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन अशा कॉर्ड पुन्हा पुन्हा यायच्या. तिन्हींवर तेच सात सूर चालतात हे मी वाचलं होतं, आणि ते खरंही आहे. माझा सोलो आला. मी काफीचे सूर सरळ पळवत नेले आणि सी मेजर सेव्हनवर एफ धरून थांबलो. त्या कॉर्डचा प्राण ई या सुरात आहे, आणि मी बरोबर त्याच्या डोक्यावर बसलो होतो. पियानो थांबला. आपल्याला मोकळं रान दिलं, असं समजून मी आणखी वेगाने वाजवलं.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी विचारलं, “तू कॉर्ड ऐकतोस का रे?”

“स्केल बरोबर होता, अंकल,” मी म्हणालो.

ते काही बोलले नाहीत. थोड्याच दिवसांत माझ्या जागी दुसरा आला. जागा गेली ती गेलीच, पण मी चारचौघांत त्यांच्याविषयी वाईट बोललो. माफी मागायची राहिली, आणि आता ती मागता येणार नाही.

बागेश्री आणि भीमपलासी एकाच काफी थाटातले, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. एकात पंचम जपून लावतात, दुसऱ्यात आरोही रिषभ-धैवत वगळतात. नुसता थाट वाजवून राग होत नाही, हे माहीत असलेला माणूस जॅझमध्ये थाटावरच थांबला, याचं मला आजही नवल वाटतं.

कळलं ते बरंच उशिरा, दोन तारांवर. चौथ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर एफ, तिसऱ्या तारेच्या पाचव्यावर सी: डी मायनर सेव्हनचे तिसरा आणि सातवा सूर. वरचं बोट एक फ्रेट मागे घेतलं की सीचा बी होतो आणि जी सेव्हन उभा राहतो. मग खालचं बोट एक फ्रेट मागे, एफचा ई, आणि आलो सी मेजर सेव्हनवर. सात सूर तेच, मुक्कामाचे सूर मात्र दर कॉर्डला सरकतात. मी हे दोन सूर गुणगुणत ती जुनी गाणी पुन्हा वाजवली आणि पहिल्यांदा कॉर्ड बदलताना ऐकू आल्या.

जी सेव्हनवर जीपासून सात सुरांनी उतरत गेलं, तर मात्रेवर जी, ई, सी, ए येतात. जी सोडला तर एकही त्या कॉर्डमधला नाही. जी आणि एफच्या मध्ये एफ शार्प घातला की मात्रेवर जी, एफ, डी, बी पडतात, म्हणजे अख्खी कॉर्ड. बीबॉप वाजवणारे हा आठवा सूर घालत आले ते याचसाठी. मी तो रेकॉर्डवर असंख्य वेळा ऐकला होता आणि निव्वळ सजावट समजून सोडून दिला होता.

सगळ्यात जास्त सलतं ते वेगळंच. मधल्या काळात मी शिकवण्या घेतल्या, आणि मुलांना तेच आकार घोटून घ्यायला लावले. त्यातली बरीचशी मुलं कंटाळून गेली. जॅझ आपल्या कुवतीचा नाही, असं त्यांना वाटलं असणार. जी अजून वाजवतात, त्यांना मी एकेक करून घरी बोलावलं. स्केलच्या वह्या बाजूला ठेवायला सांगितल्या आणि चौथ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर बोट ठेवायला लावलं.