पहिली प्रोग्रॅमिंग भाषा निवडताना

प्रोग्रॅमिंगची सुरुवात कोणत्या भाषेने करावी, हे शिकणारा कुठे राहतो यावरही ठरते. मोठ्या शहरात अडलेले विचारायला कोणी ना कोणी सापडते. नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावात हाताशी असतो तो मोबाइल. संगणकाच्या वर्गासाठी शहादा किंवा नंदुरबार गाठावे लागते. अशा ठिकाणी भाषा किती गाजलेली आहे, यापेक्षा एकट्याने शिकताना ती किती सांभाळून घेते, हे अधिक महत्त्वाचे.

या जिल्ह्याला संगणकयुग अनोळखी नाही. देशातील पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली गावात दिले गेले. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्रही नोकरीच्या आशेने पुष्कळांनी घेतलेले असते. त्या अभ्यासक्रमात प्रोग्रॅमिंग मुख्य नसते. तरी एक्सेलमध्ये ‘अमुक असेल तर तमुक’ असे सूत्र ज्याने लिहिले, त्याने अर्धा उंबरठा ओलांडलेला असतो.

नवशिक्यांसाठी मुद्दाम घडवलेल्या भाषांची परंपरा जुनी आहे. बेसिक १९६४ साली अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून आली. १९७० च्या सुमारास निकलाउस विर्थ यांनी शिकवण्यासाठी पास्कल रचली. सी मात्र १९७० च्या दशकारंभी युनिक्स प्रणाली लिहिण्याच्या गरजेतून वाढली, आणि आपल्याकडच्या अनेक अभ्यासक्रमांत विद्यार्थ्यांपुढे पहिली तीच येते. सी उत्तमच आहे. पण पहिल्याच आठवड्यात पॉइंटर आणि मेमरीशी झुंजायला लावणे हा शिकवण्याचा आळस म्हणावा लागेल. एकट्याने शिकणाऱ्यासाठी १९९१ साली प्रसिद्ध झालेली पायथन बरी. ती विनामूल्य आहे, अँड्रॉइडवरही चालते आणि लिहिलेल्या ओळीचा परिणाम लगेच दाखवते.

इंग्रजीची भीती वाजवीपेक्षा मोठी असते. घरी गुजर, अहिराणी किंवा भिली, शाळेत मराठी, अशा मुलाला इंग्रजी तिसऱ्या क्रमांकावर भेटते. पण पायथनचे राखीव शब्द अवघे ३५. चलांना देवनागरी नावेही देता येतात. गंमत अशी की ‘कळसाडी’ या शब्दाची लांबी विचारली तर पायथन ६ सांगते, कारण काना आणि वेलांटी ती स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजते. खरी अडचण चूक दाखवणाऱ्या संदेशांची. तो लांबलचक मजकूर शेवटच्या ओळीपासून वाचावा. चूक कोणती आणि तिचे कारण काय, हे बहुधा तिथेच असते.

पहिला प्रोग्रॅम कशाचा, हा प्रश्न भाषेच्या निवडीहून मोलाचा आहे. पुस्तकी त्रिकोण आणि चांदण्यांच्या नक्ष्या छापण्यापेक्षा बचत गटाची वही घ्यावी. समजा, एका सभासदाकडे ५,००० रुपये कर्ज बाकी आहे आणि व्याज दरमहा २ टक्के आहे: व्याज १०० रुपये. एवढा हिशोब लिहिला की चल आणि आकडेमोड समजते. हप्ता चुकला तर दंड लावायचा म्हटले की अट येते. दहा सभासदांसाठी तेच करायचे तर यादी आणि पुनरावृत्ती लागते. पुढच्या महिन्यापर्यंत आकडे टिकवायचे म्हटले की फाइल. प्रत्येक नवी गोष्ट अशी गरजेपोटी येते, आणि उत्तर बरोबर की चूक हे वहीशी ताडून पाहता येते. यासाठी परीक्षकही लागत नाही.

मोबाइलवर टंकणे मात्र कंटाळवाणे आहे. पायथनमध्ये ओळीआधीच्या मोकळ्या जागेलाही अर्थ असतो, आणि छोट्या पडद्यावर ती हमखास चुकते. ओटीजी जोडणीने साधा कीबोर्ड लावला तर निम्मा त्रास संपतो. महागड्या क्लासची फी भरण्याआधी एवढा खर्च करून पाहावा. मग आवड टिकलीच, तर सी, जावा किंवा जावास्क्रिप्टकडे वळताना अट, यादी, पुनरावृत्ती या कल्पना पुन्हा शिकाव्या लागत नाहीत. बदलते ती लिहिण्याची पद्धत.

मराठीतून ऐकत शिकायचे असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात अनेक विषयांच्या धड्यांना मराठी आवाज दिलेला आहे. धडे छोटे आणि विनामूल्य आहेत. नेटवर्क असलेल्या ठिकाणी ते उतरवून घेतले, तर घरी इंटरनेटशिवायही पाहता येतात.