न झालेली लढत

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पडून आहे. आज किन्शासाची ती अली-फोरमन मुष्टियुद्धाची जगज्जेतेपदाची लढत पुन्हा पाहिली, ३० ऑक्टोबर १९७४ची. ३२ वर्षांचा अली दोरांना रेलून मार झेलतोय, २५ वर्षांचा फोरमन ठोसे मारून मारून थकतोय. आठव्या फेरीत फोरमन गरगरत कोसळतो. अलीचा उजवा हात उगारलेलाच असतो, पण तो शेवटचा ठोसा मारत नाही. माझी नजर तिथेच खिळते.

पुन्हा गाठ पडली असती तर? फोरमन दम राखून खेळला असता, अलीला दोरांचा आसरा पुरला नसता. दोन वर्षांनी फोरमनच जिंकला असता, असं मला वाटतं. मन मात्र कबूल करत नाही.

ती लढत झालीच नाही. फोरमनने जगज्जेतेपद परत मिळवलं ते १९९४मध्ये, वयाच्या ४५व्या वर्षी, मायकल मूररला हरवून.