सात विभागांचं हाड

खुब्याचा सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेला आठवडाही झालेला नसतो. टाके ओले, पाय जड. आणि तरीही हाडाची घनता मोजणाऱ्या डेक्सा यंत्राच्या टेबलावर तंत्रज्ञ सांगत असते, 'आजी, पायाची बोटं छताकडे. आता हलू नका.' नातेवाइकांना हा नसता त्रास वाटतो. तिला मात्र ठाऊक असतं, की हे दिवस गेले तर तुलनेचा आधारच गेला. शस्त्रक्रियेपूर्वीचा स्कॅन इथे कामाचा नाही. तेव्हा हाडात धातू नव्हता, आणि कृत्रिम सांध्याची दांडी मांडीच्या हाडात बसवताना आतलं हाड कोरून निघालेलं असतं.

हाड आपल्यावर येणाऱ्या भाराप्रमाणे घडतं आणि झिजतं, हे बर्लिनचे शल्यविशारद युलियुस वोल्फ यांनी १८९२ साली ग्रंथरूपाने मांडलं. खुब्याच्या कृत्रिम सांध्यात त्याचा रोज प्रत्यय येतो. कोबाल्ट-क्रोमची दांडी हाडाच्या मानाने सुमारे दहापट ताठ, टायटॅनियमची पाच-सहापट. साहजिकच शरीराचा भार दांडीतून थेट खाली उतरतो आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या भागाला काम उरत नाही. तो भाग विरळ होत जातो. साध्या एक्स-रेवर मात्र सुमारे ३० टक्के हाड जाईपर्यंत डोळ्यांना फरक नीट जाणवत नाही.

डेक्सा दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण सोडून हाड आणि मऊ ऊती वेगळ्या करतं. सॉफ्टवेअर धातू वगळतं, आणि दांडीभोवतीचं हाड सात विभागांत वाटलं जातं. ग्रुएन आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये आखलेले हे विभाग बाहेरच्या बाजूने वरून खाली उतरतात, चौथ्यात दांडीचं टोक गाठतात आणि आतल्या बाजूने वर चढतात. सर्वाधिक घट बहुधा सातव्यात, म्हणजे आतल्या बाजूला अगदी वर, सापडते.

खरं कसब इथून पुढे लागतं. पाय जरासा आत किंवा बाहेर वळला, की हाडाची सावली बदलते आणि हाड तेवढंच असूनही आकडा हलतो. कारण यंत्र देतं ते ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर, घनफळावरचं माप नव्हे. म्हणून पाऊल आधारात बांधायचं. धातूची कड सॉफ्टवेअरने चुकीची धरली असेल तर हाताने दुरुस्त करायची. दांडी सिमेंटने बसवली असेल तर जास्त सावध राहायचं: एक्स-रेवर दिसावं म्हणून सिमेंटमध्ये बेरियम सल्फेटसारखा पदार्थ घातलेला असतो, आणि यंत्र त्यालाही हाड समजू शकतं.

खुब्याच्या कृत्रिम वाटीमागे, तिच्यातल्या प्लास्टिकच्या झिजेच्या कणांमुळे हाडात पडलेली पोकळी मात्र डेक्साच्या सपाट चित्रात लपून राहू शकते. तिथे सीटी हवा, तोही धातूमुळे उमटणाऱ्या रेघा कमी करणाऱ्या पद्धतीने केलेला.

घट सर्वांत वेगाने होते ती पहिल्या सहा ते बारा महिन्यांत. पुढे बहुतेकांच्या बाबतीत ती मंदावते. पहिल्या वर्षाचा उतरता आकडा पाहून रुग्णाला घाबरवणं म्हणूनच चूक आहे. घनता कमी होऊनही दांडी घट्ट असू शकते. मात्र पहिल्या वर्षानंतरही एखाद्या विभागाचा आकडा उतरतच राहिला, तर शल्यविशारदाला ते वेळेत कळायला हवं. सांधा पुन्हा बदलायची वेळ आली, तर नवी दांडी धरायला हाड शिल्लक लागतं. त्यासाठी तंत्रज्ञ आकड्यांशेजारी यंत्राचं नाव, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि पायाची मांडणी नोंदवते, म्हणजे पुढचा स्कॅन दुसऱ्या कुणी केला तरी तो याच स्कॅनशी ताडून पाहता येईल.