मुक्या सोबत्याचा कोपरा

माणसाने घर बांधले, घराला दार लावले आणि दाराला कडी बसविली. बाहेरची गडबड नकोशी झाली, म्हणजे कडी लावून घटकाभर स्वस्थ बसावे, हाही त्या कडीचा एक उपयोग. स्वस्थतेची ही ओढ केवळ माणसालाच आहे असे नव्हे. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसण्यासाठी अंधारा कोपरा शोधते. व्यालेली मांजर घरात वर्दळ वाढली, की पिलांना तोंडात धरून जागा बदलीत हिंडते. भर दुपारी गावातील कुत्रा उभ्या बैलगाडीखाली जाऊन पडतो; तेथे सावली असते आणि कोणाचा पायही लागत नाही.

पूर्वीच्या मोठ्या वाड्यांत कुत्र्याला ओसरीच्या टोकाशी तरटाचा एक तुकडा पुरे होई. माणसांचा त्रास वाटला, तर अंगणात किंवा परसात निघून जाण्यास त्याला वाट मोकळी असे. शहरातील दोन-तीन खोल्यांच्या बिऱ्हाडात ही सोय नाही. म्हणून अनेक घरांत कुत्र्यासाठी जाळीचा पिंजरा किंवा लाकडी खोके ठेवतात आणि त्यात जुनी गोधडी अंथरतात. येथे एक प्रश्न उभा राहतो. ही जागा एकदा त्या प्राण्याला दिली, म्हणजे तेथे घरातील कोणीही हात घालू नये काय?

काहींना हा प्रश्नच हास्यास्पद वाटतो. घर आपले, खोकेही आपलेच. मग कुत्र्याला विचारावयाचे कशासाठी? परंतु प्राण्यांचा स्वभाव जाणणाऱ्यांचा अनुभव निराळा आहे. स्वित्झर्लंडमधील प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर (१९०८–१९९२) यांनी प्राणिसंग्रहालयांत आयुष्य वेचले. माणूस ठराविक अंतराच्या आत आला, की वन्य प्राणी पळू लागतो. आणि पळण्याची वाट बंद असताना माणूस आणखी जवळ आला, तर तोच भित्रा प्राणी उलटून हल्ला करतो, असे त्यांनी दाखवून दिले. कुत्रा माणसाळलेला असला, तरी भीतीचा हा नियम त्याने सर्वस्वी टाकलेला नाही. खोक्याला दार एकच. त्या दारातून हात आत आला, म्हणजे आतल्या जिवाला मागे भिंत आणि पुढे हात, एवढेच उरते.

एका घरात जिन्याखाली मोतीचे खोके होते. पाच वर्षांच्या मुलाचा चेंडू त्यात गेला, तेव्हा तो गुडघ्यांवर रांगत आत शिरू लागला. मोती गुरगुरला. वडील काठी घेऊन धावले; इतक्यात आजी म्हणाली, "अरे, थांब! तो चावला नाही, त्यानं नुसतं सांगितलं. सांगणाऱ्याला मारशील, तर उद्या तो न सांगता चावेल."

वडिलांनी काठी खाली ठेवली आणि मुलाला मागे घेतले. मग दाराशी उभे राहून त्यांनी मोतीला हाक मारली. तो शेपूट हालवीत बाहेर आला आणि चेंडू सहज मिळाला. आजीच्या बोलण्यात मोठे शहाणपण होते. गुरगुरणे ही कुत्र्याची भाषा आहे. मार बसतो म्हणून तो ती भाषा सोडील. पण त्याची भीती जाणार नाही. आणि चावा ही काही किरकोळ गोष्ट नव्हे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर तो रोग बहुधा प्राणघातकच ठरतो. म्हणून कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ डॉक्टरांकडे जावे लागते. मुलांना खोक्यापासून दूर राहण्यास शिकविणे, हे कुत्र्याइतकेच मुलांच्याही हिताचे आहे.

तरीही 'कधीच हात लावावयाचा नाही' असा कडक नियम करणे योग्य होणार नाही. गोधडीत गोचिडी होतात, खाल्लेले हाड आत कुजते. आजारी प्राणी पुष्कळदा कोपऱ्यात दडून बसतो आणि त्या वेळी त्याला एकटे सोडणे ही दया नव्हे, हयगय होय. घराला आग लागली, तर परवानगीची वाट कोण पाहील? मात्र सफाई करावयाची, ती तो फिरावयास गेला असताना करावी. औषध द्यावयाचे, तर शक्य तेथे त्याला हाक मारून बाहेर बोलवावे. पाय धरून ओढण्यापेक्षा भाकरीचा तुकडा दाखविणे केव्हाही बरे.

येथे आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. ज्या खोक्याचे दार सदैव बाहेरून बंद, तो आसरा नव्हे; ती कोठडी होय. लांडगे गुहेत राहतात, म्हणून कुत्र्यालाही कोंडलेले आवडते, असे काहीजण सांगतात. परंतु लांडगे गुहेचा उपयोग मुख्यतः पिले वाढविण्यासाठी करतात, एरवी ते उघड्यावरच झोपतात. प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणे हा आपल्या देशात १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. चूक केली म्हणून कुत्र्याला खोक्यात कोंडणे, हेही तितकेच अनिष्ट. कारण शिक्षेची जागा विसाव्याची जागा होऊ शकत नाही.

पाळीव प्राणी केव्हा खावे, केव्हा फिरावे, कोठे राहावे, हे सारे माणूसच ठरवितो. इतक्या परावलंबी जिवाला चार हात जागा अशी द्यावी, की जिचे दार त्याच्यासाठी उघडे असेल आणि जिच्या उंबरठ्याशी घरातील धाकट्यापासून थोरापर्यंत प्रत्येकजण थांबून आधी हाक मारील. जे मूल कुत्र्याच्या खोक्याशी असे थांबावयास शिकते, ते झोपलेल्या आजोबांच्या खोलीशी आणि अभ्यास करणाऱ्या बहिणीच्या दाराशीही थांबावयास शिकते.