चंदगडहून दोन पत्रे

चंदगड, मंगळवार

चि. सोनूस, अनेक उत्तम आशीर्वाद.

बेळगावहून एसटीने आले. शिनोळी आली की महाराष्ट्र लागतो. समोरून रताळ्यांच्या पोत्यांनी भरलेले टेम्पो बेळगावच्या मार्केटकडे निघालेले. तालुका कोल्हापूर जिल्ह्यातला, पण बाजारहाट, दवाखाना बेळगावला.

तुझा मेसेज वाचला. अमेरिकेतल्या कॉलेजात ट्रान्स्फर हवी, आणि शिफारसपत्रासाठी तू पहिलं नाव काढलंस ते विभागप्रमुखांचं. त्यांनी तुला एकही विषय शिकवलेला नाही. ते लिहिणार काय? हुशार, मेहनती, वर्तणूक चांगली. एवढ्यावरून तिकडे कुणाला तू कळणार?

मी ज्यांच्याकडे उतरलेय ते सर अर्थशास्त्र शिकवतात. आपल्याकडे विद्यापीठ बदलायला बहुधा मार्कलिस्ट, टीसी आणि मायग्रेशन पुरतं, त्यामुळे पत्र मागायला फारसं कुणी येत नाही. काल एक मुलगी आली होती. सरांनी आधी कपाटातून तिचा प्रोजेक्ट काढला, काजू कारखान्यात सोलणीला बसणाऱ्या बायकांच्या मजुरीवरचा. समासात त्यांनीच लाल पेनने विचारलं होतं, ‘किलोवर की रोजावर?’ पुढे, पुन्हा कारखान्यात जाऊन तिने केलेला तक्ता टाचलेला. सर म्हणाले, ‘मी हेच लिहिणार.’

तुझं असं काम कुणाच्या कपाटात आहे, ते आठव.

तुझी आत्या


तिलारीनगर, गुरुवार

चि. सोनूस, आशीर्वाद.

निघायच्या आदल्या रात्री सरांशी बाबासाहेब आंबेडकरांचा विषय निघाला. 1916 साली ते कोलंबियातून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेले, तेव्हा त्यांचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी लंडनच्या हर्बर्ट फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिलं. पुढे 1925 मध्ये बाबासाहेबांच्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरच्या ग्रंथाला प्रस्तावनाही सेलिग्मन यांचीच. शिष्य खंड सोडून गेला तरी गुरूने त्याचं काम वाचणं सोडलं नव्हतं. मधल्या काळात शिष्यवृत्ती संपून शिक्षण अर्धवट राहिलं होतं. 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले, त्याला आपल्या कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत होती.

मला मात्र त्यांचे लंडनमधले प्राध्यापक एडविन कॅनन जास्त भावले. 1923 च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ला प्रस्तावना लिहिताना त्यांनी बाबासाहेबांशी असलेले मतभेद उघड मांडले आणि विचारांचा ताजेपणाही मान्य केला. ज्याने आपल्याशी वाद घातला, त्याच्या शब्दाला वजन येतं.

म्हणून तुझ्या सिग्नल्सच्या मॅडम. प्रॅक्टिकलला तुझं सर्किट दोनदा परत करणाऱ्या. त्यांना मार्क विचारू नकोस, पत्र माग. जाताना त्या सर्किटचा रिपोर्ट, बायोडेटा आणि अर्जाच्या तारखा घेऊन जा. कॉलेज का सोडतेयस ते खरं सांग, कारण पत्रात त्यांना त्याचंही उत्तर द्यावं लागेल. कुणी ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हणालं, तर नमस्कार करून उठ. ते पत्र त्यांचं नसतं. आणि फॉर्ममध्ये पत्र वाचायचा हक्क सोडणार का, असं विचारतात तिथे ‘हो’ म्हण. लिहिणाऱ्याला मोकळेपणाने लिहू दे.

बऱ्याच ठिकाणी मुदत मार्चच्या आसपास असते. सेमिस्टर संपलं की मॅडम पेपर तपासायला बसतील, तेव्हा या आठवड्यातच भेट.

तुझी आत्या