ओलीची कड

गेल्या पावसाळ्यापासून चामड्याची ओल मी बोटांनी तपासत नाही, गालाला लावून बघते. साखरेच्या आजारानं बोटांची टोकं बधिर झाली आहेत. आरी धरता येते, मेण लावलेला दोरा ओढता येतो, टाका अजून सरळ पडतो. पण चामडं ओलं राहिलेलं नाही आणि अजून कोरडंही झालेलं नाही, नुसतं गार लागतंय, ही जी मधली अवस्था असते, ती बोटांना कळेनाशी झाली. गालाला कळते. कोल्हापुरात आमचे अण्णा चपलेच्या तळाचं चामडं ठोकायला घेण्याआधी असंच गालाला लावायचे. मी तेव्हा बाजूला बसून वेण्या घालायची आणि मला वाटायचं, हा त्यांचा लळा आहे. तो लळा होताच, पण ते मोजमापही होतं.

माझं काम चपलांचं राहिलं नाही. मुंबईत आल्यावर मी बॅगांकडे वळले आणि गेली कित्येक वर्षं जूनपासून सप्टेंबरपर्यंत माझ्या टेबलावर भिजलेल्या महागड्या बॅगाच येतात. ऊन, हेअर ड्रायर, वर्तमानपत्राचे बोळे यांबद्दल इथे काही लिहीत नाही. या धंद्यात असणाऱ्याला ते सांगावं लागत नाही. मला लिहायचंय ते कडेबद्दल, म्हणजे थेंब वाळल्यावर चामड्यावर उरणाऱ्या त्या गडद रेघेबद्दल.

सगळ्या चामड्यांवर ती उमटत नाही. क्रोमवर कमावलेलं आणि वरून रंगाचा लेप दिलेलं चामडं पुष्कळ सहन करतं. प्राडाच्या साफियानोवर तर बारीक आडव्या-उभ्या रेघांचा ठसा आणि वर लेप, पाणी टिकतच नाही. बॉक्स काफवर थेंबाच्या जागी बारीक फोड येतात, पण ते नीट वाळू दिले तर बरेचसे बसतात. खरी कड उमटते ती झाडाच्या सालीवर कमावलेल्या, रंग न दिलेल्या उघड्या चामड्यावर. लुई व्हितॉंच्या मोनोग्राम बॅगेची हँडलं आणि काठ या चामड्याचे असतात. ती नक्षी 1896 सालची. नक्षीच्या कापडावर लेप असल्यामुळे पाऊस त्यावरून ओघळून जातो आणि सगळा येऊन थांबतो हँडलाच्या बुडाशी, जिथे चामडं तहानलेलं असतं. नवीन हँडल बिस्किटाच्या रंगाचं असतं. हात लागून, उजेड लागून ते हळूहळू मधासारखं होतं आणि त्या रंगासाठीच बायका ती बॅग जपतात. तिथे जुलैतला एक टपोरा थेंब पडला की झालं.

या चामड्यात सालीतलं जे द्रव्य धाग्यांना नीट बांधलं गेलेलं नसतं, ते पाण्यात विरघळतं. थेंब पसरतो तसं ते त्याच्याबरोबर पसरतं. मग वाळणं सुरू होतं आणि ते ओलीच्या काठावर सगळ्यात जोरात होतं. मधलं पाणी काठाकडे ओढलं जातं, येताना द्रव्य घेऊन येतं, पाणी उडून जातं आणि द्रव्य तिथेच राहतं. ओहोटीनंतर दादरच्या चौपाटीवर कचऱ्याची रेघ राहते, तशीच ही रेघ. म्हणजे डाग भिजताना पडत नाही, वाळताना पडतो. बॅग घेऊन आलेल्या प्रत्येक बाईला मी हे सांगते. घरी पोचल्यावरचा पहिला तास हातात असतो. तेवढ्यात थेंबाभोवतीचा भाग ओलसर फडक्यानं सारखा करून घेतला, तर रेघेला थांबायला जागाच मिळत नाही. पण सगळ्यांना आधी पुसून कोरडं करायची घाई असते.

उमटलेल्या कडेवर उपाय सगळ्यांना माहीत आहे: सगळं हँडल शिवणीपासून शिवणीपर्यंत सारखं ओलं करायचं, म्हणजे काठच उरत नाही. हे म्हणायला सोपं आहे. नव्या हँडलावर ते होतंही. पण चार-पाच वर्षं वापरलेलं हँडल जिथे मुठीत धरतात तिथे हाताचं तेल पिऊन बसलेलं असतं. तिथे पाणी शिरत नाही आणि टोकांना मात्र भसाभस शिरतं. तुम्ही सारखं फडकं फिरवलंत, तरी ओल सारखी होत नाही आणि जिथे तेलकट भाग संपतो तिथे नवी कड तयार होते. म्हणून मी मुठीच्या भागावर आधी काम करते, टोकांना शेवटी नुसतं दमट फडकं. त्यानंतर धुऊन मऊ झालेलं पांढरं सुती कापड ओलं करून हँडलाभोवती घट्ट गुंडाळायचं. कापड चिकटून बसलं, कुठेही हवा राहिली नाही, तर पाणी चामड्यावरून न उडता कापडावरून उडतं आणि रेघ कापडावर येते. ते कापड सोडल्यावर त्यावर तपकिरी नकाशा उमटलेला दिसतो, तेव्हा मला जो आनंद होतो तो कुठल्याही नव्या शिवणकामानं होत नाही. ती कापडं मी टाकत नाही. पेटीत ठेवली आहेत.

कापड नक्की कधी सोडायचं, एवढंच खरं अवघड आहे. लवकर सोडलं तर आत राहिलेलं पाणी दोन दिवसांनी वर येतं आणि गेलेली कड परत आखून जातं. उशीर केला तर मुंबईच्या जुलैत, जिथे हवेतलीच आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते, बुरशी धरते. मधे काही तासांची फट असते. ती फट घड्याळावर सापडत नाही, कारण दर हँडलाची जाडी वेगळी, वय वेगळं, त्या दिवशीचं वारं वेगळं. ती हातावरच ओळखावी लागते. माझी बोटं बधिर झाली म्हणजे नेमकं काय गेलं, हे या धंद्यातल्या माणसाला आता कळेल.

हे आमचं चामडं आहे, म्हणूनही मला त्याचा इतका ध्यास असेल. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांवर कमावतात. त्या युरोपी हँडलाशी त्याचं नातं सख्खं आहे. कोल्हापुरात पावसाळ्यात ही चप्पल कुणी घालत नाही. तेल देऊन वर ठेवतात, दिवाळीच्या आधी काढतात. चामड्याला विश्रांती द्यायची असते, हे तिथे शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. जून 2025 मध्ये प्राडानं मिलानमध्ये आमच्या कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा सगळे न दिलेल्या श्रेयाबद्दल बोलले आणि ते योग्यच होतं, 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली वस्तू आहे ती. मला मात्र वाटत होतं की चपलेबरोबर तिचा पावसाळाही कुणीतरी समजावून सांगायला हवा होता. वस्तू घेतली आणि तिच्या ऋतूचं शहाणपण मागेच राहिलं, तर ती वस्तू फार दिवस नीट राहत नाही.

पाण्याच्या कडेसारखाच दुसरा त्रास लोखंडाचा. ओलं हँडल छत्रीच्या काडीला किंवा लोकलच्या दांड्याला टेकलं की निळसर काळा डाग पडतो. आमच्याकडे हिरडा आणि हिराकस यांची शाई करायचे. इथे चामड्यात हिरड्यासारखं द्रव्य आहे आणि ओल्या लोखंडातून हिराकसाचं काम होतं. म्हणजे चामड्यावर शाईच बनते. ऑक्झॅलिक ॲसिडच्या अगदी सौम्य पाण्यानं तो डाग फिका होतो, पण मग तो भाग आजूबाजूपेक्षा उजळ होतो आणि पुन्हा कडेचा प्रश्न उभा राहतो. सगळ्या वाटा तिथेच येतात.

हल्ली 'बॅग स्पा' नावाची दुकानं झाली आहेत. ती काय करतात हे मी स्पष्टच लिहिते, कारण त्यांनी बिघडवलेलं काम माझ्याकडे येतं. कड काढण्याऐवजी ती सगळ्या हँडलावर तपकिरी रंग मारून देतात. दोन महिने छान दिसतं. मग मुठीजवळ रंग सोलतो आणि त्या चामड्याला पुन्हा कधीच मधाचा रंग येत नाही, कारण उजेड आणि हात त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. हे दुरुस्त करणं नाही. हे चामड्याला कायमचं झाकून टाकणं आहे. पाणी न धरणारे फवारेही तशाच विश्वासानं विकले जातात. त्यांचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. लेपाच्या चामड्यावर हलक्या सरीपुरता तो होतो. पण उघड्या चामड्यावर पहिल्याच फवाऱ्याला रंग गडद होतो. शिवाय सुईच्या भोकांतून, कापलेल्या काठांतून पाणी आत जायचं ते जातंच. बर्किन बॅगेबरोबर पावसाचं आवरण मिळतं, ते मला जास्त प्रामाणिक वाटतं. अट एवढीच की घरात शिरताच ते काढलं पाहिजे, नाहीतर आतल्या दमटात बॅग कोंडते. कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या बॅगा मी ऑगस्टमध्ये उघडते, तेव्हा बुरशीचा वास आधी येतो. आतलं कृत्रिम अस्तर चिकट झालेलं असतं, ते मग बदलण्यावाचून इलाज नसतो.

माझ्या गर्वाबद्दलही लिहायला हवं. लोकलच्या लेडीज डब्यात मी बायकांचे चेहरे बघत नाही, हँडलं बघते. माझ्या हातून गेलेलं हँडल मी लांबून ओळखते. कडेचा मागमूस नसलेलं बूड दिसलं की छाती भरून येते. त्या बाईला हात लावून सांगावंसं वाटतं, की ताई, हे मी केलंय. केलेलं कुणाला दिसू नये हाच या कामाचा कस आहे, आणि मला मात्र ते सगळ्यांना दिसायला हवं असतं. कापड सोडण्याची वेळ मला कळते आणि दुसऱ्या कुणाला कळत नाही, याचीही मला गोडी होती. कुणी विचारलं तर मी म्हणायची, हात सांगतो. ते खरं होतं. पण विचारणाऱ्याचा हात धरून मी तो कधी चामड्यावर ठेवला नाही.

आता ठेवते. माझ्याकडे एक मुलगी शिकते, सोलापूरकडची, मला मावशी म्हणते. पहिल्या पावसाळ्यात मी तिला प्रत्येक हँडल गालाला लावायला सांगितलं आणि मग मी लावलं. आधी तिचं उत्तर, मग माझं. सुरुवातीला आमचं जुळायचं नाही. ऑगस्टमध्ये जुळायला लागलं. एकदा जुळलं नाही आणि तिचं बरोबर निघालं. ती म्हणाली कापड अजून ठेवू, मी म्हणाले काढ, शेवटी तिचं ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कापडावर आणखी एक फिकट रेघ आलेली होती. म्हणजे पाणी आतून यायचं बाकी होतं. बॅग न्यायला आलेल्या बाईंनी माझं कौतुक केलं. हिचं काम आहे, हे शब्द जिभेवर आले तरी बाहेर यायला मला वेळ लागला, पण आले.

सध्या आम्ही दोघी दोऱ्यावर अडलो आहोत. हँडलाच्या टोकाला चामडं दुहेरी असतं आणि मधे शिवण. दोरा आतल्या थरातलं पाणी वातीसारखा ओढून वर आणतो, म्हणून सगळं हँडल स्वच्छ निघालं तरी प्रत्येक टाक्याच्या बुडाशी एक बारीक गडद ठिपका उरतो. मी आयुष्यभर ते ठिपके शिवणीच्या सावलीत खपवले. या मुलीला ते खपत नाहीत. ओलं करण्याआधी टाक्यांवर मेण चेपून दोऱ्याचं तोंड बंद करायचं, असं तिनं काढलं आहे. ठिपके कमी झाले आहेत. पण मेण जरा जास्त झालं की त्याचाच तेलकट डाग बसतो, आणि कमी झालं की दोरा पितोच. आज दुपारी तिनं मेणात किंचित राळ मिसळून एका जुन्या हँडलाच्या तुकड्यावर टाके चेपले आहेत. कापड अजून सोडलेलं नाही.